चित्र हे कैफियत नव्हे

रोहा,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. बाळास,

तुझी शाईची व्यक्तिचित्रे पेणहून सुखरूप पोहोचली. आपल्या ठायी पुरुष वसतो, स्त्री वसते की या दोहोंच्या पलीकडचे कोणी, हा प्रश्न स्वतःच्याच मुद्रेपासून आरंभ करून तू ज्या धैर्याने मांडला आहेस, त्याचा मला अभिमान वाटतो. आणि म्हणूनच, ही चित्रे पाहून तरी घरचे मानतील का, असे जे सोबत लिहिले आहेस, त्याविषयी लिहिणे अगत्याचे वाटते.

चित्राकडून पुराव्याचे काम घेऊ नकोस. फिर्याद, साक्ष आणि दाखला यांची जागा कचेरीत. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात सांगितले आहे. पुराव्यासाठी काढलेला चेहरा अर्धी मिशी आणि अर्धे कुंकू लेवून खूण बनतो, आणि त्यातला माणूस हरवतो. आपल्याच जिल्ह्यात, घारापुरीच्या लेण्यात, अर्धनारीश्वर आहे; उजवा हात नंदीवर टेकलेला, डाव्या अंगाच्या हाती दर्पण, तरीही दोन्ही अंगे एकाच देहाच्या एकाच झोकात सामावलेली. तो झोक डोळे भरून पाहा.

पुण्यात जन्मलेल्या आणि गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची ‘करी’ ही इंग्रजी चित्रकादंबरी २००८ साली निघाली, तीही मिळवून वाच. बहुतांशी कृष्णधवल रेखाटनांच्या त्या पुस्तकात एका स्त्रीवर प्रेम करणारी, रूढ स्त्रीरूपात न मावणारी नायिका आहे. पण लेखिकेने तिची वकिली केलेली नाही. जाहिरात कंपनीतली नोकरी, मैत्रिणींनी गजबजलेले बिऱ्हाड, मरणपंथाला लागलेल्या स्नेहिणीची सोबत, या साऱ्यांतून ती आपल्याला कळत जाते. तूही माणसे त्यांच्या कामाधामासह काढ.

पेणच्या कारखान्यांत एकाच साच्यातून शेकडो गणेशमूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी हातानेच होते, आणि त्या बारीक रेषेपाशी प्रत्येक मूर्तीची नजर निराळी होते. समाजाने दिलेल्या साच्याशी भांडण्यात सारी शाई खर्चू नकोस. जी नजर फक्त त्या व्यक्तीची आहे, तिच्यापाशी हात स्थिर ठेव.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. पेनात भरायची रंगीत शाई उजेडात विटते, म्हणून काजळीची काळी शाई वापर. उजेडासाठी कागदच कोरा राखावा लागतो, तेव्हा कोठे थांबायचे हे आधी ठरव. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जी माणसे तुझ्यासमोर बसतात, त्यांची स्पष्ट अनुमती घेतल्यावाचून त्यांचा चेहरा किंवा नाव प्रदर्शनात मांडू नकोस, आणि दिलेली अनुमती त्यांनी परत घेतली तर चित्र निमूटपणे उतरव. पेण-रोह्यासारख्या गावांत चेहरा लगेच ओळखला जातो. तुझे धैर्य दुसऱ्यावर लादण्याचा हक्क तुला नाही.

राहिला घरचा प्रश्न. तो भार चित्रांवरही नको आणि एकट्या तुझ्यावरही नको. तुझी संमती असेल तर रविवारी सकाळच्या गाडीने मी पेणला येतो आणि ताईशी स्वतः बोलतो. काय सांगावे आणि काय सांगू नये, हे मात्र तूच ठरवून मला उलटटपाली कळव.

तुझा,
मामा