अर्जातला मजकूर आणि यंत्राचा हुकूम

ज्या यंत्रावर संकेतस्थळ चालते त्याच्या तळाशी असलेल्या कार्यप्रणालीकडून फायली हलविणे, चित्रांचा आकार बदलणे, दुसरा एखादा कार्यक्रम सुरू करणे अशी कामे करवून घेण्याची मुभा पीएचपी, पर्ल, पायथन या भाषा देतात. आणि ती मुभा एका ओळीत इतक्या सहजपणे मिळते की आपण यंत्राचा केवढा अखत्यार कोणाच्या स्वाधीन करीत आहोत, याचा विचार करावा असे बहुतेकांना वाटतच नाही. तो विचार करणे मला एका प्रसंगाने भाग पाडले. ज्यांची संकेतस्थळे नुकतीच उभी राहत आहेत, अशा तालुक्याच्या व खेड्यापाड्यांतील संस्थांच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे सांगतो.

आमच्या कोरीट गावचे व नंदुरबारच्या आसपासचे शेतकरी आपले सातबाऱ्याचे उतारे आणि पासबुकांची छायाचित्रे एका संस्थेच्या संकेतस्थळावर धाडीत असत. त्या संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आलेले चित्र लहान करण्यासाठी तेथील पीएचपी कार्यक्रम 'इमेजमॅजिक' या चित्रे हाताळणाऱ्या कार्यक्रमाला शेलच्या, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा वाचून त्या कार्यप्रणालीकडून करवून घेणाऱ्या कार्यक्रमाच्या, मध्यस्थीने आज्ञा देई, आणि त्या आज्ञेत फाइलीचे नाव शेतकऱ्याने दिले असेल तेच जोडी. मूळ कार्यक्रम लिहिणाऱ्याने ते नाव 'एस्केपशेलआर्ग' या फंक्शनमधून गाळून घेण्याची दक्षता घेतली होती. परंतु यंत्राची भाषाविषयक मांडणी, म्हणजे लोकेल, जर 'सी' या मूळ स्थितीत असेल, तर हे फंक्शन देवनागरी अक्षरे मुकाट्याने वगळते, आणि 'कोरीट.jpg' या नावातून केवळ '.jpg' एवढेच शिल्लक राहते. मराठी नावांच्या फायली सापडत नाहीत, अशी तक्रार साहजिकच आली. तिचे निवारण करणाऱ्या कंत्राटदाराने लोकेल दुरुस्त करण्याऐवजी ते फंक्शनच काढून टाकले व नावाभोवती हाताने अवतरणचिन्हे घातली. तक्रार मिटली, आणि दार उघडे राहिले.

पुढे यंत्र मंदावल्याची ओरड झाली व देखभालीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आलेल्या फायलींच्या यादीत मला एक चमत्कारिक नाव आढळले: त्यात आधी अवतरणचिन्ह बंद होत होते, मग अर्धविराम होता, आणि त्यापुढे परक्या ठिकाणाहून एक कार्यक्रम उतरवून तो चालविण्याची आज्ञा होती. अर्जदाराने अर्जात लिहिलेली ओळ कारकुनाने जशीच्या तशी मामलेदाराच्या हुकमात उतरवावी आणि तिच्याखाली शिक्का पडावा, तसे हे घडले होते. अर्धविरामाच्या पुढे नवी आज्ञा सुरू होते एवढेच शेल जाणतो. ती धन्याने लिहिली की आगंतुकाने, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय वेब सर्व्हर ज्या खात्याने चालत होता त्याचे सर्व अधिकार त्या आज्ञेला आपोआप लाभले होते, आणि माहितीसाठ्याचा परवलीचा शब्दही त्याच खात्याला वाचता येत होता. म्हणून झाडलोट करून भागणार नव्हते: यंत्र नव्याने उभारले, जुन्या निर्दोष प्रतीवरून माहिती घेतली आणि झाडून सारे परवलीचे शब्द बदलले. अशा प्रसंगी याहून कमी काहीही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

हा दोष एका कंत्राटदारापुरता नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात 1993 साली वेब सर्व्हरने कार्यक्रम चालविण्याची 'सीजीआय' ही पद्धत निघाली, तेव्हापासून पाहुण्याच्या विनंतीतील मजकूर कार्यक्रमाच्या पर्यावरण-चलांत भरला जातो. आणि 'बॅश' या शेलमध्ये 1989 पासून दडून राहिलेला दोष 24 सप्टेंबर 2014 रोजी 'शेलशॉक' या नावाने जाहीर झाला, तेव्हा त्या चलांत नुसता मजकूर ठेवूनही आज्ञा चालविता येते, हे जगाला कळले. मे 2016 मध्ये 'इमेजमॅजिक'विषयी असेच उघड झाले: चित्राच्या आत दडविलेला पत्ता तो स्वतःच शेलकडे सोपवीत असे. म्हणजे आपण लिहिलेला भाग निर्दोष असला तरी ज्याला आपण काम सांगतो तो पुढे कोणाला सांगतो, याची चौकशी केलीच पाहिजे.

माझा पहिला सल्ला असा की, जेथे शेलवाचून काम होते तेथे शेलला मध्ये घेऊच नये. पीएचपीच्या 7.4 या आवृत्तीपासून 'प्रोक_ओपन' या फंक्शनला आज्ञा व तिचे घटक सुटे-सुटे, यादीच्या रूपाने देता येतात, आणि मग अर्धविराम हा केवळ अर्धविरामच राहतो. तरीही नावाचा आरंभ आडव्या रेघेने झाला तर समोरचा कार्यक्रम त्याला पर्याय समजून बसतो. यास्तव आलेल्या फाइलीस यंत्राने स्वतःचा क्रमांक द्यावा व शेतकऱ्याने दिलेले मराठी नाव माहितीसाठ्यात, अक्षरही न गाळता, जपावे. आमच्याकडील मूळ तक्रारही याच उपायाने मिटली असती. पीएचपीत बंद ठेवावयाच्या फंक्शनांच्या 'डिसेबल_फंक्शन्स' या यादीत 'एक्झेक', 'सिस्टिम' वगैरे आज्ञा चालविणाऱ्या फंक्शनांची नावे घालणे उपयुक्त आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. खरा बंदोबस्त चित्रांचे काम स्वतंत्र, अत्यल्प अधिकारांच्या खात्याकडे सोपविण्यात आहे. 'एफएफआय' नावाची जी सोय 7.4 पासूनच आली आहे, तिच्यायोगे सी भाषेतील फंक्शने थेट हाकारता येतात; तेथे मूल्याचा प्रकार चुकला की पीएचपीची चालती प्रक्रियाच कोसळू शकते, म्हणून संकेतस्थळाच्या कामात तिला हात न लावणे बरे.

आपल्या संस्थेचे संकेतस्थळ ज्याने बांधले त्याला बोलवा, 'एक्झेक', 'शेल_एक्झेक', 'सिस्टिम', 'पासथ्रू' आणि 'प्रोक_ओपन' ही नावे साऱ्या कार्यक्रमात शोधावयास सांगा, आणि प्रत्येक ठिकाणी आज्ञेत जाणारा मजकूर कोठून येतो ते त्याच्याकडून लेखी घ्या.