सूर्य उगवत नाही तेव्हा



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७

हा ध्यानयोगाचा अध्याय. आसन कसं असावं, मन कुठे लावावं हे सांगून झाल्यावर भगवंत एकदम जेवण आणि झोपेवर येतात. आशय थोडक्यात असा: फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं-फिरणं, काम, झोप आणि जाग 'युक्त' आहे, त्याचा योग दुःख दूर करतो.

पहिल्यांदा वाचताना हे आईच्या सूचनांसारखं वाटतं. वेळेवर जेव, वेळेवर झोप. यात अध्यात्म कुठे आलं?

हे समजून घ्यायला आज जरा लांब जाऊ. जिथे वेळ सांगायला सूर्यच नसतो, अशा एका गावात.

नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात स्वालबार नावाची बेटं आहेत. तिथलं मुख्य गाव लाँगयरबियन, ७८ अंश उत्तर अक्षांशावर. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या गावाला जोडणारा रस्ता नाही. वस्तीबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलांमुळे बंदूक सोबत ठेवतात. साधारण २३ ऑगस्टपर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. आणि २६ ऑक्टोबरच्या सुमारास तो दिसेनासा होतो, तो थेट फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत २४ तासांचा दिवस शून्यावर येतो. हिशेब केला तर रोज सरासरी २० मिनिटांहून जास्त उजेड कमी होतो! सुट्टी संपवून गावात परतलेल्या माणसाला या उताराशी जुळवून घेत हिवाळ्यात शिरावं लागतं.

अशा वेळी शरीराचं काय होतं? आपल्या आतलं घड्याळ स्वतःच्या चालीने चाललं तर २४ तासांपेक्षा किंचित मोठा दिवस मोजतं. सकाळचा उजेड त्याला रोज ओढून जागेवर आणतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचं घड्याळ हळूहळू सरकतं, म्हणून ते मुख्य घड्याळाशी पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं. ध्रुवीय रात्रीत हे जुळवणंच बंद पडतं. मग कुणाला झोप लागत नाही, तर कुणाला अंथरुणातून उठवत नाही. सोळाव्या श्लोकातली दोन टोकं ती हीच!

तिथे टिकून राहणारी माणसं काय करतात? काहीच विशेष नाही. बाहेर दुपारी बारालाही काळोख असला तरी ठरल्या वेळी उठतात. घरात प्रखर दिवा लावतात. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या लावून फिरायला जातात. मुलं नेहमीच्या वेळेला शाळेत जातात. डिसेंबरमध्ये खिडक्या-खिडक्यांत नाताळच्या आधीचे दिवे लागतात. लोक एकमेकांकडे जातात, एकत्र गातात. शेवटी ८ मार्चच्या सुमारास डोंगराआडून सूर्याचा पहिला किरण जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर पडतो. तो बघायला गाव जमतं आणि आठवडाभर उत्सव चालतो.

कारी लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नॉर्वेतल्या लोकांच्या हिवाळ्याकडे बघण्याच्या दृष्टीचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण नॉर्वे, उत्तर नॉर्वे आणि स्वालबार इथल्या लोकांची तुलना होती. आपल्याला वाटेल, जितका अंधार जास्त तितकी कुरकूर जास्त. दिसलं उलटंच. जितकं उत्तरेला जावं, तितकी ही दृष्टी जास्त सकारात्मक होती.

आता 'युक्त' या शब्दाकडे परत येऊ. 'योग' आणि 'युक्त' एकाच धातूपासून आले आहेत, जोडणं या अर्थाच्या. युक्त म्हणजे नुसतं बेताचं नाही, तर जोडलेलं. बाहेरचा आधार सुटला तेव्हा लाँगयरबियनच्या माणसांनी दिवस स्वतःच बांधला आणि एकमेकांशी जोडून घेतला. ज्ञानेश्वर माऊलीही इथे शरीर पिळायला सांगत नाहीत. खा, चाल, बोल, झोप, पण मापात, एवढंच सांगतात.

आपली अडचण उलटी आहे. त्यांच्याकडे दिवस नाही, आपल्याकडे रात्र नाही. रात्री एकला फोनचा उजेड, दोनला परदेशातला कॉल. उशिरापर्यंतचा हा उजेड आतलं घड्याळ आणखी पुढे ढकलतो. पुण्यात, बंगळुरूत राहूनही सकाळचा सूर्य आठवडाभर न पाहिलेले कितीतरी जण आपल्यात आहेत.

"शिफ्टमुळे ब्राह्ममुहूर्त जमत नाही, मग साधना कशी करू?" हा प्रश्न खूपदा येतो. मला वाटतं, श्लोकातच उत्तर आहे. भगवंत घड्याळातला आकडा सांगत नाहीत, युक्त राहायला सांगतात. तुमची पहाट दुपारी बाराला होत असेल तर बाराला, पण रोज बाराला. आणि बघा, तिकडे सूर्य जातो त्याच कार्तिकाच्या दिवसांत आपल्या गावोगावी काकड आरती चालते. कुणी उजाडायची वाट बघत नाही. अंधारात उठून दिवा लावतात आणि देवाला जागं करतात. नियम मूड येण्याची वाट बघत नाही, तो असा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. उदासी आठवडे न् आठवडे हटत नसेल तर ती साधनेतली कमतरता समजू नका. डॉक्टरकडे जा. औषध घेणं हेही युक्तच आहे.

आजचा अभ्यास:
१. या आठवड्यात उठायची एकच वेळ ठरवा. सुट्टीच्या दिवशीही तीच.
२. उठल्यावर फोनच्या आधी बाहेरचा उजेड बघा. अंधार असेल तर देवापुढे दिवा लावा आणि पाच मिनिटं नाम घ्या.
३. रोज एक जेवण कुणासोबत तरी, स्क्रीनशिवाय.

प्रार्थना: देवा, बाहेर उजेड असो वा नसो, माझा दिवस तुझ्याशी जोडलेला राहू दे.

राम कृष्ण हरी!