पहिली मधुपेटी : बारामती-इंदापूरच्या शिवारातील एक अभ्यास

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या शेतीचे स्वरूप १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने आणि पुढे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने पार पालटून टाकले. जिरायत माळावर ऊस उभा राहिला. त्यापाठोपाठ द्राक्षे आणि डाळिंबाच्या बागा आल्या. पाणी आले, खते आली, औषधे आली. परंतु फुलाचे फळ करणारा एक मजूर मात्र या हिशेबात बराच काळ धरला गेला नाही. तो मजूर म्हणजे मधमाशी होय.

डाळिंबाच्या झाडावर नर फुले आणि द्विलिंगी फुले अशी दोन्ही प्रकारची फुले येतात. फळ धरते ते द्विलिंगी फुलांतच, आणि कीटकांच्या वावराने फळधारणा वाढते. सूर्यफूल, कांद्याचे बीजोत्पादन, भोपळा, दोडका, कलिंगड या पिकांचे मधमाशीवाचून अडते. हे ओळखून बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राने ‘मधुसंदेश’ या प्रकल्पाद्वारे शेतकऱ्यांच्या बागांत मधुपेट्या नेल्या. मध हे मधमाशीचे दुय्यम उत्पन्न असून परागीभवन हे मुख्य होय, हा विचार त्यामुळे या भागात रुजू लागला.

कोणती माशी पाळावी?

आपल्याकडे आग्या, फुलोरी, सातेरी आणि मेलिफेरा या मधमाश्या प्रामुख्याने आढळतात. आग्या व फुलोरी या उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्यांना पेटीत ठेवता येत नाही. सातेरी अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहते. महाबळेश्वरच्या डोंगरी भागातील मधोद्योग प्रामुख्याने सातेरीवरच उभा राहिला. मेलिफेरा ही मूळची परदेशी जात असून १९६० नंतरच्या दशकात ती पंजाबमार्गे भारतात स्थिरावली. ती स्वभावाने शांत असून पेटी सोडून सहसा जात नाही. सपाटीवरील पिकांत पेट्या हलवीत राहावयाचे असल्यास नवशिक्याला तीच सोयीची पडते.

प्रारंभ केव्हा व कसा करावा?

बारामती-इंदापूरकडे पाहणाऱ्यास सर्वत्र हिरवेगार दिसते. मात्र मधमाशीच्या दृष्टीने उसाचा फड म्हणजे ओसाड माळच होय. एप्रिल-मेचा कडक उन्हाळा आणि भर पावसाळा हे तिच्या उपासमारीचे दिवस. म्हणून पहिली वसाहत ऑक्टोबरमध्ये आणावी. त्या सुमारास हस्त बहराचे डाळिंब, तूर, पुढे करडई, कोथिंबीर व सूर्यफूल यांचा फुलोरा लाभतो.

एकच पेटी न घेता दोन घ्याव्यात. एकीची तुलना दुसरीशी करता येते आणि एक दुबळी झाल्यास दुसरीतील पिल्लांची चौकट देऊन तिला सावरता येते. विकत घेताना चार-पाच चौकटी माश्यांनी भरलेल्या आहेत, अंडी घालणारी तरुण राणी आहे आणि थोडाफार मध व पराग साठलेला आहे, एवढे पाहून घ्यावे.

पेटी झाडाच्या सावलीत, वारा अडेल अशा जागी, दार पूर्वेकडे करून ठेवावी. ती फूटभर उंचीच्या घोडीवर असावी व घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळच उथळ भांड्यात खडे टाकून स्वच्छ पाणी ठेवावे. पेटीची वाहतूक रात्री, दार जाळीने बंद करून करावी. एकदा ठेवलेली पेटी शंभर-दोनशे फुटांवर सरकवू नये. चरावयास गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात व मरतात.

तपासणीचा धडा

दर आठ-दहा दिवसांनी, स्वच्छ उन्हाच्या सकाळी, पेटी तपासावी. जाळीची टोपी घालावी, धुराड्याने थोडा धूर द्यावा आणि चौकटी सावकाश उचलाव्यात. प्रत्येक वेळी राणी शोधीत बसण्याचे कारण नाही. मधमाशीचे अंडे तीन दिवसांनी उबते. पोळ्याच्या घरांच्या तळाशी उभी, पांढरी, बारीक अंडी दिसली की गेल्या तीन दिवसांत राणी तेथे होती, हे निश्चित समजावे.

आणखी एक हिशेब प्रत्येक पालकाने पाठ करावा. अंड्यापासून कामकरी माशी होण्यास २१ दिवस लागतात. बाहेर आलेली माशी पुढचे सुमारे तीन आठवडे पेटीतलीच कामे करते आणि मगच फुलांवर जाते. म्हणजे आज घातलेल्या अंड्याची माशी सहा आठवड्यांनी शेतात उतरते. आंबे बहराची फुले फेब्रुवारीच्या अखेरीस यावयाची असतील, तर वसाहत वाढविण्याची तयारी जानेवारीच्या मध्यासच व्हावयास हवी. त्यासाठी साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी, पेटीच्या आत द्यावा. दिवसा पाक सांडल्यास इतर वसाहतींच्या माश्या लूट करतात.

दुबळ्या वसाहतीत मेणकिडा शिरतो. त्यावर उपाय एकच, माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घेणे. व्हरोआ कोळी, गांधीलमाशी व वेडा राघू यांवरही लक्ष ठेवावे.

पहिल्या वर्षी मधाचा मोह आवरावा. काढावयाचाच तर वरच्या मधाच्या कक्षातील, मेणाने झाकलेल्या घरांचा, मधयंत्राने काढावा आणि उन्हाळ्यापुरता साठा माश्यांसाठी ठेवावा.

माशी चावल्यास नांगी नखाने खरवडून तत्काळ काढावी. मात्र दम लागणे, अंगावर गांधी उठणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

फवारणी : गावाचा प्रश्न

येथवरचे सर्व एका शेतकऱ्याच्या हातचे आहे, पुढचे नाही. माशी चरावयास दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाते. ती बांध ओळखत नाही. शेजारच्या बागेत भर फुलोऱ्यात, सकाळी औषध फवारले, तर चार महिने जपलेली वसाहत एका दिवसात पेटीच्या दारापुढे मरून पडते. नुकसान पेटीवाल्याचे दिसते; पण फवारणाऱ्याच्या स्वतःच्या बागेतील फळधारणाही त्याच दिवशी घटलेली असते.

म्हणून ग्रामसभेने काही साधे संकेत ठरवून घ्यावेत. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी करू नये. अटळ असल्यास सूर्यास्तानंतर करावी आणि आदल्या दिवशी पेटीवाल्यांस कळवावे, म्हणजे त्यांस पेट्या हलविता येतील. आग्या मोहोळ मशालीने जाळू नये. रस्त्याकडेला व गायरानात करंज, चिंच, कडुनिंब, शेवगा, बोर यांची लागवड करावी; उपासमारीच्या दिवसांत हीच झाडे माश्यांना तारतात. गुऱ्हाळाच्या काहिलीत पडून माश्या मोठ्या संख्येने मरतात. पेट्या तेथून दूर असाव्यात.

मार्गदर्शन कोठे मिळेल?

पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वर येथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण, साहित्यासाठी अनुदान आणि मधखरेदी यांची तरतूद आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित झाले, हे उदाहरण ग्रामपंचायतींपुढे आहेच.

शिक्षकांनी शाळेतील मुलांना शिवारात नेऊन एका डाळिंबाच्या झाडावर तासाभरात किती माश्या येतात, याची नोंद दर आठवड्यास करावयास लावावी. ही वही ग्रामसभेत वाचली गेली, तर फवारणीचा संकेत पाळण्यास वेगळ्या उपदेशाची गरज उरणार नाही. कालव्याचे पाणी गावाने पाळीने वाटून घेतले. मधमाशीच्या बाबतीतही तसाच सामंजस्याचा व्यवहार गावास करता येईल.