शेवटच्या चढाईचा दोष किती?

कबड्डीचा सामना संपल्याची शिट्टी वाजली की मैदानावर दोन प्रकारची मंडळी दिसतात. एक जिंकणाऱ्यांना खांद्यावर घेणारी आणि दुसरी हरण्याचे कारण शोधणारी. या दुसऱ्या मंडळींना कारण फार लवकर सापडते. इतके लवकर की ते बहुधा चुकीचे असते.

गेल्या पावसाळ्यानंतर बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी दोन माध्यमिक शाळांचा सामना झाला. काळ्या मातीवर मुरूम पसरून मैदान केले होते. शेवटची चढाई सुरू झाली तेव्हा यजमान शाळेचे २९ गुण होते, पाहुण्यांचे ३०. यजमानांचा दहावीतला एक मुलगा चढाईला गेला आणि डाव्या कोपऱ्यात पकडला गेला. २९–३१. शिट्टी वाजली. "यानंच हरवलं आपल्याले!" कोणीतरी ओरडले, आणि पाच मिनिटांत ते साऱ्या शाळेचे मत झाले. तो मुलगा पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला, तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

सुदैवाने त्या दिवशी मैदानाच्या कडेला नववीच्या दोन मुली वही घेऊन बसल्या होत्या. विज्ञान मंडळाचा उपक्रम म्हणून त्यांनी प्रत्येक चढाईची नोंद केली होती. चढाईचा क्रमांक, चढाईपटू, समोर किती गडी, कोणत्या कोपऱ्याकडे गेला, मनगटी घड्याळाप्रमाणे किती सेकंद लागले आणि निकाल काय, असे सहा रकाने. दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी मला बोलावले आणि व्हरांड्यात साऱ्या संघासमोर आम्ही ती वही उघडली.

गुण आले कोठून?

पहिली पायरी म्हणजे एकूण गुणांची फोड करणे. ती अशी निघाली :

चढाईचे गुण (बोनस धरून) : यजमान १७, पाहुणे १५
पकडींचे गुण : यजमान १०, पाहुणे १२
लोणचे गुण : यजमान २, पाहुणे ४
एकूण : यजमान २९, पाहुणे ३१

तुम्हाला ठाऊकच आहे की समोरचे सर्व गडी बाद केले म्हणजे लोण होतो आणि त्याचे दोन जादा गुण मिळतात. आता लोणचे गुण बाजूला ठेवून बेरीज करा. यजमान २७, पाहुणे २७! म्हणजे चढाया आणि पकडी यांत दोन्ही संघ बरोबरीत होते. यजमानांनी एक लोण दिला, पाहुण्यांनी दोन दिले, आणि सामन्याचा निकाल तेवढ्याच दोन गुणांचा होता.

यजमानांवरचा पहिला लोण पूर्वार्धात झाला होता. त्यातले चार गडी चढाईत पकडले गेले आणि तीन गडी समोरच्या चढाईपटूंनी स्पर्शून बाद केले. वहीत आणखी एक गोष्ट होती. ते चारही चढाईपटू पहिल्या दहा सेकंदांतच डाव्या कोपऱ्यावर धावून गेले होते. चढाईला ३० सेकंद मिळतात. त्यांतले वीस त्यांनी वापरलेच नव्हते. तेव्हा मैदानाबाहेर कोणी हळहळले नव्हते, कारण सामना पुष्कळ शिल्लक होता. परंतु पूर्वार्धात गेलेला गुण आणि शेवटच्या मिनिटात गेलेला गुण यांचे वजन गुणपत्रकावर सारखेच असते. फरक पडतो तो आपल्या स्मरणशक्तीत.

असे मोठ्या सामन्यांतही घडते. २०२२ सालच्या आशियाई क्रीडा स्पर्धा प्रत्यक्षात २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झाल्या. ७ ऑक्टोबरला पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होता. शेवटचे मिनिट आले तेव्हा २८–२८ अशी बरोबरी होती. त्या वेळच्या एका चढाईवरून इतका वाद झाला की सामना बराच वेळ थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. लोकांना ती एक चढाई आठवते. त्याआधी दोन्ही संघांनी मिळवलेले २८–२८ गुण कोणी आठवत नाही.

खालची संख्या विसरू नका

आता यजमानांच्या चढाया पाहू. एकूण ३६ चढायांपैकी १५ यशस्वी झाल्या, १२ मध्ये चढाईपटू पकडला गेला आणि ९ रिकाम्या गेल्या. (दोन चढायांत दोन-दोन गुण मिळाले, म्हणून १५ चढायांचे १७ गुण.) यशस्वी १५ पैकी ९ डाव्या हाताच्या कोपऱ्याकडच्या होत्या आणि ६ उजव्या हाताच्या.

हे आकडे फळ्यावर लिहिताच कर्णधार म्हणाला, "सर, म्हणजे डावी बाजूच आपली चांगली. नऊ मोठे की सहा?"

मी त्याला विचारले, "डावीकडे एकूण किती वेळा गेलात?" वहीत उत्तर होते : २४ वेळा. आणि उजवीकडे फक्त १२ वेळा. म्हणजे डावीकडे २४ पैकी ९, शेकडा ३७.५, उजवीकडे १२ पैकी ६, शेकडा ५०. पकडींचेही तसेच. डावीकडे २४ पैकी ९ वेळा पकडले गेले, उजवीकडे १२ पैकी ३ वेळा. अंशाकडे पाहून जी बाजू चांगली वाटली, तीच भाजक लिहिताच कमी ठरली.

ही चूक शाळकरी मुलेच करतात असे नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप या हवाई दलातील हिशेबनिसाने १८ मार्च १९५० रोजी स्विंडन येथील फुटबॉल सामन्यात उत्तरार्धापासून नोंदी करण्यास सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे शेकडो सामने टिपले. दहापैकी सुमारे आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात, असे त्याला आढळले. त्यावरून त्याने सांगितले की चेंडू फार फिरवू नका, लवकर पुढे मारा. परंतु त्याच्याच नोंदींनुसार दहापैकी नऊहून अधिक वेळा पासांची मालिका तीनच्या पुढे जातच नव्हती! मग बहुतेक गोल छोट्या मालिकांतून झाले यात नवल ते काय? रीपची चिकाटी आदर्श होती. चूक झाली ती भाजकाकडे पाहण्यात.

बारा म्हणजे फार थोडे

मग उजवी बाजू चांगली, असे ठरवून टाकावे काय? थांबा. उजवीकडच्या १२ चढायांतील एकच यशस्वी चढाई फसली असती, तर ५० चे ४२ टक्के झाले असते. एका चढाईने जे प्रमाण इतके हलते, त्यावर किती विसंबावे?

हा प्रयोग वर्गात करून पाहा. प्रत्येकाने एक नाणे १२ वेळा उडवावे आणि छापा किती वेळा पडला ते लिहावे. नाण्यात काही खोट नसतानाही सर्वांना ६ छापे मिळणार नाहीत. गणित सांगते की बरोबर ६ छापे येण्याची संभाव्यता ४०९६ पैकी ९२४, म्हणजे शेकडा साडेबावीसच्या आसपास आहे. ४० मुलांच्या वर्गात सरासरीने ९ जणांना ६ छापे मिळतील. बाकीच्यांना ५, ७, ४, ८ असे काहीही. तेव्हा एका सामन्यातील आकड्यांनी प्रश्न सुचतो. उत्तर मिळण्यासाठी पुढचे चार-सहा सामने टिपावे लागतात.

वेगाचा हिशेब

घाईने धावून गेलेले चौघे पकडले गेले, हाही अजून तर्कच आहे. पण त्याला भौतिकशास्त्राचा आधार सापडतो का, ते पाहता येते.

चढाईपटूला कोपऱ्याजवळ थांबून मागे वळावे लागते. त्याला थांबवणारे बल म्हणजे पाय आणि जमीन यांमधील घर्षण. सुट्या मुरुमावर घर्षणांक ०.५ आहे असे धरू. गुरुत्वप्रवेग ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. तेव्हा जास्तीत जास्त मंदन ०.५ × ९.८ = ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता

थांबण्याचा वेळ = वेग ÷ मंदन
थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन)

चढाईपटू सेकंदाला ४ मीटर वेगाने गेला, तर त्याला थांबायला सुमारे ०.८ सेकंद आणि १.६ मीटर लागतात. तोच २ मीटर वेगाने गेला, तर ०.४ सेकंद आणि अवघे ०.४ मीटर पुरतात. वेग निम्मा केला की वेळ निम्मा होतो, पण अंतर मात्र चौथाई होते. या सूत्रांत वस्तुमान कोठेच नाही, हेही ध्यानात घ्या. घर्षणबल वजनाच्या प्रमाणात वाढते आणि थांबवायचे वस्तुमानही तितकेच वाढते, त्यामुळे ते दोन्हीकडून निघून जाते. गडी हलका आहे म्हणून तो आपोआप लवकर थांबतो, असे नाही.

वाचलेले ०.४ सेकंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सेकंदाला ४ मीटर धावणारा बचावपटू तेवढ्यात १.६ मीटर पुढे येतो. मोठ्या मैदानात मध्यरेषेपासून अंत्यरेषा ६.५ मीटरवर असते. त्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. पावलाने माती खोदली जाणे, शरीर वाकवणे अशा गोष्टी आपण सोडून दिल्या आहेत; हिशेब ढोबळ आहे. तरी दिशा स्पष्ट आहे. कोपऱ्याजवळ हळू जा, वेग परतीसाठी राखा.

आणि तो मुलगा?

शेवटी आम्ही त्याच्या नावापुढच्या नोंदी मोजल्या. त्याने ८ चढाया केल्या होत्या. ५ यशस्वी, १ रिकामी, आणि शेवटची धरून २ पकडी. म्हणजे शेकडा ६२.५. साऱ्या संघाचे प्रमाण ३६ पैकी १५, म्हणजे शेकडा ४२ च्या आत. आठ चढायांवरून तो संघातला सर्वोत्तम चढाईपटू आहे असे सिद्ध होत नाही. हे मी मुलांना सांगितले, कारण जो नियम उजव्या कोपऱ्याला लावला तो इथेही लावला पाहिजे. पण त्याच्यामुळे सामना गेला, या म्हणण्याला वहीत कोठेच आधार नव्हता.

तो भिंतीला टेकून ऐकत होता. थोड्या वेळाने पुढे आला आणि म्हणाला, "सर, शेवटच्या चढाईत मीबी पूर्ण वेगानंच गेलो होतो. पुढच्या सामन्यात वेगाचाही रकाना ठेवू." मला वाटते, सर्वांत उपयोगी सूचना त्याचीच होती.

करून पाहा

१. तुमच्या शाळेच्या पुढील सामन्यात वरील सहा रकाने आखून प्रत्येक चढाई टिपा. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. सामना चालू असताना निष्कर्ष काढू नयेत.

२. घर्षणांक ०.४ धरून ४ मीटर प्रति सेकंद वेगासाठी थांबण्याचे अंतर काढा. (उत्तर : सुमारे २ मीटर.) ओल्या मैदानावर खेळताना यावरून कोणती काळजी घ्याल?

३. खो-खोत कोणता संरक्षक किती मिनिटे टिकला याची नोंद होते. त्या नोंदींवरून सामना कोठे फिरला हे शोधता येईल काय? येथे भाजक कोणता घ्याल?