उलट्या होताहेत म्हणून इन्सुलिन थांबवू नका

आईबाबांनो, टाइप वन मधुमेह असलेलं मूल तापानं फणफणलं, उलट्या करू लागलं की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "पोटात अन्नाचा कण नाही, आज इंजेक्शन नको." बहुतेक वेळा आजीच म्हणते, आणि मायेपोटीच म्हणते. पण हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मूल जेवलं नाही तरी त्याला इन्सुलिन लागतंच. आजारपणात तर बहुधा जास्तच लागतं. ते मिळालं नाही की रक्तात भरपूर साखर असूनही पेशी उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तातलं आम्ल वाढत जातं. शिवाय साखर लघवीवाटे जाताना पाणी आणि क्षारही घेऊन जाते. यालाच डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. दवाखान्यात सगळे 'डीकेए' म्हणतात. त्याची सुरुवातच पोटदुखी आणि उलट्यांनी होऊ शकते. म्हणजे ज्या उलट्या बघून तुम्ही इन्सुलिन थांबवता, त्या कदाचित इन्सुलिन कमी पडल्यामुळेच होत असतात.

म्हणून आजारपणात दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, रात्रीसुद्धा. ती २५०च्या वर गेली किंवा उलटी झाली, तर कीटोन तपासा. लघवीच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. घोट घोट पाणी पाजत राहा. शुगर उतरत असेल तर डोस कमी करावा लागतो, पण किती, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. पूर्ण बंद मात्र कधीच नाही. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि जोरजोरात चालला असेल, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, मूल गुंगीत असेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नका, लगेच रुग्णालयात न्या. तिथे सलाईन, इन्सुलिन आणि पोटॅशियम तासातासाला मोजून द्यावं लागतं. घाई झाली तर मेंदूला सूज येऊ शकते. ते घरी करायचं काम नाही.

"मधुमेह मुळापासून घालवतो, इन्सुलिन सोडा," असं सांगणाऱ्याच्या दारात तर पाऊलही टाकू नका. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी या आजाराची मुलं जगत नसत. आजही त्याला पर्याय नाही.

आणि ज्यांच्या मुलाला मधुमेह नाही, त्यांच्याशीही बोलायचंय. पुष्कळ मुलांचा मधुमेह पहिल्यांदा कळतो तोच डीकेए होऊन. इटलीतल्या पार्मा भागात १९९१पासून शाळाशाळांत भित्तिपत्रकं लावली, डॉक्टरांना तपासणीची साधनं दिली. निरोप साधा होता: मूल खूप पाणी पितंय, खूप लघवीला जातंय, अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं मूल पुन्हा करू लागलंय, तर मधुमेह तपासा. नव्यानं निदान होणाऱ्या मुलांमधलं डीकेएचं प्रमाण काही वर्षांत ७८ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आलं.

आपल्याकडे तहान उन्हाळ्यावर ढकलली जाते, वजन उतरलं तर परीक्षेवर, आणि ओल्या अंथरुणासाठी मूल बोलणी खातं. कृपा करून त्याला रागावू नका. त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात नेऊन बोटातल्या एका थेंबावर शुगर बघून घ्या.