आधी खांद्याची हालचाल बघ, मग शब्द

अगं, फिजिओथेरपीच्या एमपीटीच्या प्रबंधाला हात-खांद्याच्या त्रासाची ‘डॅश’ प्रश्नावली मराठीत आणायचा विषय घेतलास, छान केलंस. पण ‘ताई, तीसच तर प्रश्न आहेत, सुट्टीत उरकते’ असं म्हणालीस, तेव्हा म्हटलं, हिला आधी गाठून बसवायला हवं. गाईडसमोर विचारायला संकोच वाटेल असं सगळं आज बोलून घेऊ.

पहिलं काम परवानगीचं. डॅश १९९६ साली टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने अमेरिकन अस्थिशल्यविशारदांच्या अकॅडमीबरोबर तयार केली आणि तिचे हक्क या इन्स्टिट्यूटकडे आहेत. त्यांना लिही. मराठी आवृत्ती आधीच झालेली आहे का, तेही त्यांनाच विचार. असेल तर नवी करत बसू नकोस. तीच आपल्या पेशंटवर तपासून बघणं हाही चांगला प्रबंध होतो, त्यात कमीपणा काही नाही.

करायची ठरलीच, तर रस्ता आखलेला आहे. बीटन, बॉम्बार्डिये, गिलेमिन आणि फेराझ यांनी २००० साली ‘स्पाइन’ नियतकालिकात तो मांडला. इंग्रजीतून मराठीत दोन जण वेगवेगळं भाषांतर करतात. एक विषय जाणणारा, दुसरा वैद्यकाशी संबंध नसलेला. दोघांची मिळून एक प्रत होते. ती प्रत दोन वेगळी माणसं पुन्हा इंग्रजीत नेतात, आणि त्यांनी मूळ प्रश्नावली पाहिलेली नसावी. इथे आपल्याच बॅचची मैत्रीण बसवायचा मोह होईल, तो टाळ. तिला प्रश्न पाठ असणार, मग चूक सापडणार कशी? उलट भाषांतर करणाऱ्यांची पहिली भाषा इंग्रजी असलेली बरी. कॅनडा-अमेरिकेत वाढलेली, घरी मराठी बोलणारी मुलं या कामाला चांगली. त्यानंतर तज्ज्ञांची समिती सगळ्या प्रती तपासते आणि शेवटी ३० ते ४० पेशंटवर चाचणी.

आता खरी मेख ऐक. प्रत्येक प्रश्नामागे हाताची एक हालचाल लपलेली असते. ती ओळखल्याशिवाय लेखणी उचलू नकोस. घट्ट बरणी उघडणं म्हणजे मूठ आवळून मनगट फिरवणं. आपल्याकडे लोणच्याची बरणी आहे, प्रश्न सुटला. केस धुणं किंवा ड्रायरने वाळवणं म्हणजे हात डोक्याच्या वर धरून ठेवणं, तिथे वेणी घालणं चालेल का, हे समितीपुढे मांड. पण डोक्यातून घालायच्या स्वेटरच्या जागी कुणी मागून हूक लावायचा ब्लाउज सुचवला, तर ठाम नाही म्हण. स्वेटरला हात वर जातात, ब्लाउजला पाठीमागे वळतात. फ्रोजन शोल्डरच्या बाईला विचार, ही दोन दुखणी किती वेगळी ते ती सांगेल. वजनाचंही तसंच. मूळ प्रश्नात दहा पौंडांहून जड वस्तू आहे, म्हणजे साधारण साडेचार किलो. तिथे पाच किलो पिठाची पिशवी बसते. भरलेली कळशी लिहिलीस तर वजन दुपटीपुढे जाईल. पलंगावरची चादर नीट करणं आणि जमिनीवर गादी ओढून अंथरूण घालणं यांतही खांद्यावर येणारा ताण निराळा. खेळांच्या प्रश्नांतले गोल्फ, फ्रिस्बी बदलायला हरकत नाही. मात्र जोर आणि झोका तेवढाच ठेव.

लक्षणांच्या प्रश्नांना फार घाबरू नकोस. मुंग्या येणं, खांदा आखडणं, झोप न लागणं हे पेशंट रोजच आपल्याला सांगतात.

त्याहून नाजूक आहे ते ‘करत नाही’ आणि ‘जमत नाही’ यांतलं अंतर. स्वयंपाकाच्या प्रश्नाला काका म्हणतील, ‘मी कधी करतच नाही’. काकू म्हणतील, ‘करते ना, कोण करणार दुसरं?’ आणि ‘अजिबात अडचण नाही’वर खूण करून मोकळ्या होतील. हात मात्र रात्रभर ठणकत असतो. प्रश्न आहे गेल्या आठवड्यात किती अडचण आली असा. ते काम केलंच नसेल, तर केलं असतं तर किती जमलं असतं याचा अंदाज द्यायचा. कुठल्या हाताने केलं, यालाही महत्त्व नाही. हे सूचनेत ठसठशीत लिही. आणि वाचता न येणाऱ्या पेशंटला कुणी प्रश्न वाचून दाखवणार असेल, तर जसाच्या तसा वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही.

एकविसाव्या प्रश्नावर अडशीलच. तो शरीरसंबंधांबद्दल आहे. सासूबाई शेजारच्या खुर्चीत असताना कुठली सून तो भरेल? गाळायचा अधिकार आपल्याला नाही. भाषा साधी आणि सभ्य ठेव, कागद एकांतात भरायला दे. तरी काही जण कोरा सोडतीलच. तीसपैकी निदान २७ उत्तरं असल्याशिवाय गुण काढता येत नाहीत, म्हणून किती जणांनी कुठला प्रश्न सोडला याची नोंद ठेव. गुणांचं गणित सोपं आहे: उत्तरांची सरासरी, वजा एक, गुणिले पंचवीस. सगळीकडे मधला तीन असेल तर ५०. आकडा जितका मोठा, तितका त्रास जास्त.

चाचणीत फक्त कागद गोळा करून येऊ नकोस. प्रत्येकाजवळ बसून विचार, ‘मावशी, यातून तुम्हाला काय कळलं?’ शहरातल्या ओपीडीतलेच पेशंट घेऊ नकोस. शेतात खुरपणारी, धुणीभांडी करणारी, हमाली करणारा, कोकणातला, विदर्भातला, असे सगळे येऊ देत.

सुट्टीत उरकणारं हे काम नव्हे, गाईडला तसं आजच सांगून टाक आणि पुरेसे महिने मागून घे. या प्रश्नावलीच्या आकड्यावर उद्या कुणाचा व्यायाम बदलेल, कुणाच्या ऑपरेशनचा उपयोग झाला की नाही ते ठरेल. तेव्हा समितीत एखादा मोठा डॉक्टर म्हणाला, ‘एवढं काय बघायचं, समजतं लोकांना’, तरी पेशंटने सांगितलेलंच खरं धर. आणि अडलीस तर रात्री फोन कर, मी जागीच असते.