बीज मावशीचं, मग आई कोण?

प्रश्न : मी 31 वर्षांची आहे. नेरुळला राहते, मला पाच वर्षांचा मुलगा आहे. माझ्या ताईच्या अंडाशयात आता बीजं तयार होत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ताईनं तोंडानं काही मागितलेलं नाही, पण तिला माझं बीज द्यावं असं मला मनापासून वाटतं. सासूबाई म्हणतात, ‘मूल रक्तानं तुझंच राहणार. उद्या काही बिनसलं तर कोर्टकचेऱ्या होतील.’ मी त्या बाळाची आई ठरेन का? आणि माझ्या तब्येतीचं काय?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : कायद्यानं तुम्ही आई ठरणार नाही. मावशीच राहाल. सासूबाईंची भीती मात्र उगाच नाही, कारण अगदी असंच प्रकरण आपल्या नवी मुंबईतल्या एका घरातून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे.

त्या घरातही थोरल्या बहिणीला मूल होत नव्हतं आणि धाकटीनं आपणहून बीज दिलं. गर्भ सरोगेट मातेच्या पोटात वाढला आणि ऑगस्ट 2019 मध्ये जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा-बायकोचं पटेनासं झालं. मार्च 2021 मध्ये नवरा मुलींना घेऊन वेगळा राहायला गेला आणि बीज देणारी मेहुणीही त्या मुलींबरोबर राहू लागली. आईनं मुलींना भेटता यावं म्हणून अर्ज केला, तो खालच्या न्यायालयानं 2023 मध्ये फेटाळला. नवऱ्याचं म्हणणं होतं की बीज मेहुणीचं, म्हणून जैविक आई तीच; बायकोचा मुलींवर हक्कच नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी हे म्हणणं नाकारलं. बीज देणारी स्त्री फार तर जनुकीय माता म्हणवेल; तेवढ्यानं तिला आईपणाचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. सरोगसीचा करार 2018 चा, म्हणजे आजच्या कायद्यांच्या आधीचा. म्हणून न्यायालयानं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2005 च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला. दात्यानं पालकत्वाचे सारे हक्क सोडायचे, हे तेव्हाही त्यात होतंच. करारावर मूल हवं असलेले पालक म्हणून सही होती ती थोरल्या बहिणीची आणि तिच्या नवऱ्याची. पाच वर्षांच्या त्या मुलींना दर आठवड्याच्या शेवटी तीन तास भेटण्याची मुभा आईला मिळाली.

मला या निकालातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. संसार मोडला म्हणून आई बदलत नाही. मूल हवं म्हणून जिनं धडपड केली, सही केली, जन्मापासून सांभाळलं, तिचं आईपण नवऱ्याच्या सोयीनं दुसऱ्या कुणाकडे सरकवता येत नाही.

तुमच्या बाबतीत तर आता संसदेनं केलेला कायदाच आहे. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याप्रमाणे बाळ हे उपचार घेणाऱ्या दांपत्याचं जैविक अपत्यच मानलं जातं. वारसाहक्कासकट सगळे हक्क त्याला त्यांच्याकडूनच मिळतात, दात्याकडून नाही. म्हणजे ताईचं बाळ उद्या तुमच्या मुलाच्या वाट्यात हिस्सा मागू शकणार नाही आणि तुम्हीही बाळावर हक्क सांगू शकणार नाही.

स्त्री दात्यासाठी वयाची अट 23 ते 35 अशी आहे, तुम्ही त्यात बसता. पण पुढची अट नीट लक्षात घ्या. स्त्रीला आयुष्यात एकदाच बीज देता येतं आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. सातही बीजं फळतील असं नसतं, आणि तयार झालेला प्रत्येक गर्भ रुजतोच असंही नाही. हा प्रयत्न फसला तर ताईसाठी दुसऱ्यांदा बीज देण्याची वाट तुम्हाला बंद असेल. हे दोघींनाही आधीच ठाऊक हवं, नाहीतर अपयशाचं ओझं कुणीतरी एकटी वाहत बसते.

ही अट जाचक वाटेल, पण तिच्यामागे दुखरा इतिहास आहे. 2010 मध्ये मुंबईत 17 वर्षांची एक मुलगी बीज दिल्यानंतर दोन दिवसांत मरण पावली. त्याआधीही तिनं बीज दिलं होतं. गरजू मुलींना पैशांचं आमिष दाखवून पुन्हापुन्हा सुया टोचायच्या, हे थांबायलाच हवं होतं. बीजांची खरेदी-विक्री आता गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच ते दहा लाख रुपये दंड आणि पुन्हा केल्यास तुरुंगवास.

आता तब्येतीचं. पाळी सुरू झाली की साधारण दहा-बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यावी लागतात, मधेमधे सोनोग्राफी होते. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर 34 ते 36 तासांनी भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत योनीमार्गातून सुईनं बीजं काढतात. काम वीसेक मिनिटांचं असतं आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. पोट जड वाटणं, थोडं दुखणं नेहमीचं. पण कधीकधी अंडाशयं औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात. पोट झपाट्यानं फुगलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. दात्या स्त्रीचा 12 महिन्यांचा विमा ताई-भावोजींनी उतरवणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहिणीबहिणींत कसला विमा, असं म्हणून तो टाळू नका.

शिवाय दात्याची तपासणी आणि बीज पुरवणं हे काम नोंदणीकृत बीजबँकेनंच करायचं असतं. त्यामुळे सख्ख्या बहिणीच्या बाबतीत ते कसं करतात आणि कोणत्या बँकेमार्फत, हे क्लिनिकला पहिल्याच भेटीत विचारा.

हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. 1986 मध्ये केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीच जानेवारी 1991 मध्ये दात्या स्त्रीच्या बीजापासून देशातलं पहिलं बाळ जन्माला आणलं. ते बाळ आज पस्तिशीच्या आसपास असेल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. बाळाला हे सांगायचं की नाही, ते आधी ठरवा. ब्रिटनमध्ये एप्रिल 2005 नंतरच्या दात्यांची ओळख त्यांच्या बीजातून जन्मलेल्या मुलांना 18 व्या वर्षी मागता येते, कारण माहिती लपवल्यानं तिथली मुलं दुखावली होती. तुमच्या घरात तर सासूबाईंना आत्ताच ठाऊक आहे. एखाद्या लग्नघरात कुणाच्या तोंडून ते निसटण्यापेक्षा मुलानं लहानपणीच, आईच्या तोंडून ऐकलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. क्लिनिकनं समुपदेशन द्यायचं असतंच. तिथे ताई-भावोजींबरोबर तुम्ही आणि तुमचे मिस्टरही बसा. आणि ऐनवेळी तुम्हाला नको वाटलं तर पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच ताईला तसं सांगा.